चाक फिरेपर्यंत गोड बंद

गुणमालाकाकी मगदूम आष्ट्याच्या बाजारातून भाजी घेऊन निघाल्या की पिशवीत सगळ्यात वर जिलबीचा पुडा असायचा, आणि गावात वडापच्या जीपमधून उतरेपर्यंत त्या पुड्याचा नुसता ओशट कागद उरलेला असायचा. याची त्यांना कधी लाज वाटली नाही. घरात नवराबायको दोघंच. नवरा बाजारच्या जिलबीला नाक मुरडणार, मग शिळी करून तरी कशाला न्यायची, असा त्यांचा सरळ विचार. सकाळी भाकरीबरोबर काकवी, दुपारच्या चहाच्या जोडीला शेंगापोळी, आणि साताऱ्याला दिलेली लेक भाग्यश्री माहेरी आली की कंदी पेढ्यांचे दोन बॉक्स. एक सगळ्यांसाठी, एक आईसाठी. आईचा बॉक्स घरात कुठं असतो हे आईखेरीज कुणालाही माहीत नसायचं.

अशा बाईला गोड सोडावं लागलं, आणि तेही देवाधर्मासाठी नव्हे तर सायकलच्या एका चाकासाठी.

चाक होतं तात्यासाहेबांचं. तात्यासाहेब मगदूम म्हणजे काकींचे मालक. साखर कारखान्यात मिलहाउसला फिटर होते, तिथूनच रिटायर झाले. हातात कला अशी की गावातली पिठाची गिरणी अडो, फवारणीचा पंप रुसो, नाहीतर कुणाच्या दाराची कडी बसेना, माणसं आधी यांच्या दारात यायची. रिटायर झाल्यावर जावयानं त्यांना मोबाईल घेऊन दिला आणि तिथं घोळ झाला. एक दिवस मोबाईलवर एक दाढीवाला माणूस आला. त्याच्या मागं एक चाक फिरत होतं. ना वायर, ना मोटर, ना इंजिन. दाढीवाला सांगत होता की हे चाक फुकट फिरतं आणि जन्मभर फिरत राहील.

दुसरा कुणी असता तर 'आयला' म्हणून पुढचा व्हिडिओ बघायला लागला असता. तात्यासाहेब उठून बसले. त्यांनी तो दाढीवाला खरा मानला याचं कारण वेडेपणा नव्हता, कारखाना होता. सगळी नोकरी त्यांनी एकच गोष्ट बघितली होती. उसाचा रस काढला की चिपाड उरतं, ते चिपाड बॉयलरमध्ये जातं, त्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं आणि त्याच्यावर तीच मिल पुन्हा ऊस गाळते. बाहेरून कोळसा नाही, डिझेल नाही. वर उरलेली वीज बोर्डाला विकतात. म्हणजे एवढा अवाढव्य कारखाना स्वतःच्या उष्ट्यावर चालतो, तर एक सायकलचं चाक का चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. काकींना ते शंभर टक्के पटलं. पटणारच, कारण लग्न झाल्यापासून या माणसानं हात लावलेली वस्तू बिघडलेली राहिली, असं त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

त्या वर्षी गावच्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, एका माताजींचा, म्हणजे जैन साध्वींचा, चातुर्मास होता. प्रवचन संपलं की माणसं उठून हात जोडायची आणि काही ना काही सोडण्याचा नियम घ्यायची. कुणी वांगं सोडी, कुणी तंबाखू, एका बाईनं तर नणंदेबद्दल बोलणं महिनाभर सोडलं आणि तिसऱ्या दिवशी येऊन मुदत कमी करून मागितली. तात्यासाहेब उठले ते मात्र वेगळंच घेऊन. सकाळच्या अभिषेकापासून संध्याकाळच्या जेवणापर्यंत आपलं चाक आपोआप, कुणी न फिरवता फिरत नाही, तोवर गोडाचा त्याग. माताजी म्हणाल्या, काका, असली अट घालू नये, महिन्याचा नियम घ्या, पाळायला बरा. तात्यासाहेबांनी मान हलवली. नियम घ्यायचा तर पुरा घ्यायचा.

नियम जोडीनं घेण्याची पद्धत. बायकांच्या बाजूला बसलेल्या काकींना शेजारच्या शालूबाईंनी कोपर मारलं. काकींनी उठण्याआधी नवऱ्याकडं बघितलं आणि त्यानं त्यांना लांबूनच खुणेनं सांगितलं की दसऱ्याच्या आत होतंय. काकी उठल्या, हात जोडले आणि होकार दिला. दसरा दीड महिन्यावर होता. दीड महिना काय, डोळे मिटून निघेल, असं त्यांना वाटलं.

तो दसरा गेला. नंतरचे कितीतरी गेले.

पहिल्या वर्षी काकींनी नियमाच्या कडेकडेनं चालून बघितलं. फळ गोडात धरायचं का? तात्यासाहेब म्हणाले, नाही. मग घरात केळ्यांचे घड यायला लागले आणि सीताफळाच्या दिवसांत अंगणात बियांचा सडा पडला. ऊस? ऊस म्हणजे काही गूळ नव्हे, असा निकाल काकींनी स्वतःच दिला आणि कांडं सोलून खायला बसल्या. दुसऱ्याच पेरावर दाढेचा तुकडा पडला. डॉक्टरांनी या वयात ऊस कशाला चावता म्हणून विचारलं तेव्हा काकींनी सायकलच्या चाकापासून सुरुवात केली, आणि डॉक्टरांनी ऐकता ऐकता इंजेक्शनचा डोस वाढवला.

बिनसाखरेच्या चहामुळं गावभर झालं की गुणमालाकाकींना शुगर निघाली. मग कुणी जांभळाच्या बिया आणून द्यायची, कुणी कारल्याचा रस. संक्रांतीला काकी दारात आलेल्यांच्या हातावर तिळगूळ ठेवायच्या आणि गोड बोला म्हणायच्या, पण स्वतःच्या हातावर आलेला तिळगूळ पदराच्या गाठीत जायचा. गोड खायचं नसेल तर गोड बोलायचं तरी कशाला, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यांची जीभ त्या काळात फार धारदार झाली होती, हे शालूबाईंनी मला सांगितलं, आणि धार सगळ्यात आधी त्यांनाच लागली होती.

इकडं घराच्या पुढच्या सोप्यात चाक उभं राहिलं होतं. सायकलची रिम, तिला चौफेर बिजागरीवर लावलेले लोखंडी हात, आणि प्रत्येक हाताच्या टोकाला बेअरिंगमधला एक जाड गोळा. उजव्या बाजूनं खाली येताना हात उघडून लांब पसरायचे, डाव्या बाजूनं वर जाताना मिटून रिमला चिकटायचे. उजवीकडचे गोळे आसापासून लांब, म्हणून तिकडं जोर जास्त, म्हणून चाक उजवीकडं फिरतच राहणार. ऐकणाऱ्याला यात खोट दिसायची नाही. चाकाला मात्र दिसायची. ढकललं की ते पाच-सात फेऱ्या ऐटीत घ्यायचं, मग आळसावायचं, मग थोडं मागं यायचं, थोडं पुढं जायचं आणि गप्प बसायचं.

सल्ला द्यायला पलटणीतून रिटायर झालेले हंबीरराव रोज सकाळी हजर. त्यांच्या मते फौजेत अशी मशिनं कधीच तयार झाली होती, फक्त सरकार सांगत नव्हतं. मॅग्नेट लावा, हे त्यांचंच. मॅग्नेट लावला. चाक त्याच्याकडं झेपावत गेलं आणि जेवायला बसलेल्या जावयासारखं तिथंच ठाण मांडून बसलं. मग हंबीररावांनी पाण्याचं काढलं. टाकीतलं पाणी पात्यावर सोडायचं, पात्यानं पंप फिरवायचा, पंपानं पाणी पुन्हा टाकीत चढवायचं. आठवडाभर सोपा ओला होता. टाकी दर वेळी रिकामी व्हायची आणि खालची घागर भरायची, याच्या उलट एकदाही झालं नाही. काकी फडक्यानं पाणी टिपता टिपता म्हणाल्या की हंबीरराव, आता तुम्हीच टाकीत उतरून पाणी वर फेका, म्हणजे जमेल. हंबीरराव दोन दिवस आले नाहीत.

होता होता वर्षं सरली. भाग्यश्रीला मुलगी झाली, तिचं नाव ब्राह्मी ठेवलं, बारशाला आलेल्यांना काकींनी स्वतःच्या हातानं पेढे वाटले. अलीकडं तात्यासाहेब चाकाजवळ बसायचे, पण पान्हा हातात नसायचा. नुसते बसायचे. काकींना वाटलं, थकले असतील. स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांना एक साधी, स्पष्ट भीती वाटायला लागली होती. आपलं वय झालं. हे चाक काही फिरत नाही. म्हणजे आपण आता पेढा न खाताच मरणार. इतर बायकांना मरणाच्या विचारानं नातवंडं आठवतात, काकींना कंदी पेढ्याचा तो खरपूस दुधाचा वास आठवायचा आणि भर दुपारी रडू यायचं.

अशात यंदा त्याच माताजींचा चातुर्मास पुन्हा गावात आला. आणि एक दिवस तात्यासाहेबांनी बस्तीच्या कट्ट्यावर जाहीर करून टाकलं की येत्या रविवारी चाक फिरणार. अभिषेक झाला की यायचं, संध्याकाळच्या जेवणापर्यंत बसायचं, आणि तोंड गोड करून जायचं.

शनिवारपर्यंत चाकात काही फरक पडला असेल म्हणावं, तर मधला जुना हब काढून तात्यासाहेबांनी पितळेचा एक जाडजूड, चकचकीत डबा बसवला होता, एवढंच. म्हातारा आता चाक सजवायला लागलाय, असं काकींना वाटलं. अख्खं गाव येणार, चाक पाच-सात फेऱ्यांत झोपणार, आणि हा माणूस सगळ्यांसमोर उभा राहणार. ते चित्र काकींना सहन होईना. खरं सांगायचं तर त्या चित्रात एका कोपऱ्यात पेढ्यांचा बॉक्सही होता.

नादुरुस्त नसलेला मिक्सर पिशवीत घालून काकी आष्ट्याला पायलच्या दुकानात गेल्या. पायल म्हणजे मोटर रिवायंडिंगवाल्या आण्णांची लेक. आण्णा आता गल्ल्याशेजारी पेपर वाचत बसायचे, दुकान पायल चालवायची. गणपतीच्या देखाव्यातली मुंडकी हलवायच्या छोट्या मोटरी तिच्याकडं ढिगानं असायच्या. काकींनी आडून आडून विषय काढला. बॅटरीवरची एक बारकी मोटर, रबरी चाकाची, खालून रिमला टेकेल अशी, आवाज न करणारी. कशासाठी ते विचारू नकोस, आणि कुणाला सांगायचं नाही, माझी शपथ.

पायलनं विचारलं नाही. ती हसायला लागली. इतकी हसली की आण्णांनी पेपर खाली केला. काकींना राग आला, यात हसण्यासारखं काय आहे म्हणून. पायलनं डोळे पुसले, चाक कुठल्या बाजूला फिरतं तेवढं विचारून घेतलं, आणि चाकाला धक्का लागला की सुरू होईल अशी मोटर तयार करून दिली. एक दोरीही बांधून दिली. ती ओढली की मोटर रिमपासून सुटून बाजूला पडणार. वर म्हणाली, "काकी, रविवारी मी पन येनार बगा. मला बोलवाया इसरू नगा."

रविवारी पहाटे आंघोळ करून तात्यासाहेब अभिषेकाला गेले आणि काकींनी पदर खोचला. चाक ज्या घोडीवर उभं होतं तिला तात्यासाहेबांनी रविवारसाठी खाली लाल झालर लावलेली होतीच, तिच्या आड मोटर बसली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्याच्या चाकाखाली पालथं पडून चोरी करताना काकींना फार मजा आली, हे त्यांनी नंतर कबूल केलं. मजा संपली ती उठताना. गुडघे धरले होते.

माणसं जमली. भाग्यश्री साताऱ्याहून ब्राह्मीला आणि पेढ्यांना घेऊन आली होती. तात्यासाहेबांनी चाकाला नमस्कार केला, बोटानं हलकेच ढकललं आणि मागं सरले. चाक फिरलं. फिरलं म्हणजे काय, सुटलं. गोळे खडखडायला लागले, लोखंडी हात सगळे बाहेर फेकले गेले, पुढं बसलेल्या शालूबाई पाट घेऊन मागं सरकल्या. मेलीनं मोटर भलतीच जोरकस दिली, असं म्हणत काकींनी पायलकडं डोळे वटारले. आणि गंमत अशी की तात्यासाहेबही पायलकडंच बघत होते, कपाळाला आठ्या घालून. पायल छताकडं बघत होती.

दुपार झाली तरी चाक थांबेना. हंबीरराव म्हणाले की मॅग्नेटची कल्पना मूळ त्यांचीच. कुणी फोटो काढले, कुणी इस्लामपूरच्या पाहुण्यांना व्हिडिओ कॉल लावला. लोक तात्यासाहेबांच्या पाया पडायला लागले. तात्यासाहेब कुणाच्याही नजरेला नजर देत नव्हते, आणि काकींना वाटलं, किती साधा माणूस आहे.

उन्हं कलली. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची, म्हणून पानं मांडली गेली आणि भाग्यश्रीनं पेढ्याचं ताट आणलं. तात्यासाहेबांनी एक पेढा उचलला. "आदी हिनं खायाचा," ते म्हणाले. "हिनं माज्यासाटनं सोडलं हुतं."

पेढा काकींच्या तोंडासमोर आला. तो वास आला. वर्षानुवर्षं ज्याच्यासाठी जीव तळमळला तो वास, आणि काकींना तोंड उघडेना. गावाला फसवलं त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं, गाव त्याच लायकीचं होतं. पण माताजींपुढं हात जोडून जो शब्द दिला होता, तो याच तोंडानं दिला होता, आणि त्याच तोंडात आता हा खोटा पेढा जाणार होता. त्यांना ते जमेना. त्यांनी झटकन ठरवलं, दोरी ओढायची. चाक थांबलं तर थांबलं, आजवर शंभरदा थांबलंय, शंभरावर एक. आपल्या मोटरीचं कुणाला कळणार नाही आणि नियम आहे तसा राहील. मरताना बघू काय ते.

झालर नीट करायच्या मिषानं काकी वाकल्या आणि दोरी ओढली.

चाक मंदावलं. गोळ्यांची खडखड उतरली. चाक हळू झालं, आणखी हळू झालं, आणि मग एका संथ, शांत चालीला लागून फिरतच राहिलं.

काकींनी झालर उचलून बघितलं. मोटर बाजूला लोळत पडली होती. वर चाक फिरत होतं. काकी तिथंच खाली बसल्या. त्यांना हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आपण गावासमोर काय बोलतोय याची त्यांना शुद्ध नव्हती.

"मी मोटर लावली हुती," त्या म्हणाल्या. "तुमची फजिती हुईल म्हनून. आत्ता काडली. काडली तरी बी फिरतंय बगा. तुमी म्हनला हुता, फिरंल. खरंच फिरलं की हो."

त्या उठल्या, नवऱ्याच्या हातातून पेढा घेतला आणि तोंडाकडं नेला. तात्यासाहेबांना आता काही न करता नुसतं उभं राहायचं होतं. चाक फिरत होतं, गाव बघत होतं, त्यांनी मनाशी योजलं होतं ते अगदी तसंच्या तसं घडत होतं. त्यांनी काकींचं मनगट धरलं.

"खाऊ नगंस," ते म्हणाले. "माजं चुकलं."

लग्न झाल्यापासून हे दोन शब्द काकींनी या माणसाकडून ऐकले नव्हते. त्यांना आधी वाटलं, याला चक्कर आली. तात्यासाहेबांनी चाक हातानं थांबवलं आणि पितळेच्या डब्याचे स्क्रू काढले. आत एक मोटर होती, बॅटरीसकट बसवलेली. गणपतीच्या देखाव्यातली. सगळ्यांनी पायलकडं बघितलं.

"मी काय करनार," पायल म्हणाली. "दोगं बी गिऱ्हाईक, दोगांनी बी शपत घातल्याली. मी आपल्या दोन्ही मोटरी येकाच बाजूला फिरवून दिल्या. उलट्या दिल्या असत्या तर चाक जागचं हाललं नसतं."

पहिले हंबीरराव हसले. मग सोपा हसला, मग अंगण. त्या हसण्यात तात्यासाहेब मान खाली घालून उभे होते आणि फक्त काकींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलत होते. चाक फिरणार नाही हे त्यांना दोन उन्हाळ्यांपूर्वीच कळलं होतं. सांगायची हिंमत झाली नव्हती. ब्राह्मीच्या बारशादिवशी सगळे गेल्यावर ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर काकी पाठमोऱ्या उभ्या होत्या. हातात पेढ्यांचा रिकामा बॉक्स होता. त्यांनी तो उघडला, नाकाशी धरून वास घेतला, पुन्हा बंद केला आणि कपाटावर ठेवून दिला. तात्यासाहेब तसेच पाणी न पिता परत फिरले. त्या दिवसापासून त्यांना झोप नव्हती. मोटर लावायची, हिला खाऊ घालायचं, आपण स्वतः शुगरचं निमित्त करून खायचं नाही, आणि पाप एकट्याच्या डोक्यावर घ्यायचं, असा त्यांचा बेत होता. ऐन वेळेला ही बाई एवढ्या विश्वासानं बोलली की तो बेत पार पडेना.

हे ऐकून काकींना गहिवरून यायला हवं होतं. आलंही असेल. पण त्यांनी त्यातला एकच शब्द पकडला. "दोन उन्हाळं?" त्या म्हणाल्या. "दोन उन्हाळं झालं ठावं हुतं, आन मी केळी खात बसली व्हय?"

त्या संध्याकाळी काकींनी सगळ्यांना वाढलं, तात्यासाहेबांनाही वाढलं, पण तोंड दुसरीकडं करून.

दुसऱ्या दिवशी दोघं माताजींसमोर जाऊन बसली. मागं सगळं गाव. तात्यासाहेबांनी सगळं सांगितलं, काकींनी आपलं सांगितलं. माताजींनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा गंभीर होता, पण खांदे हलत होते असं शालूबाईंचं म्हणणं. शेवटी त्या म्हणाल्या की खोटं करायला गेलात ती चूक, आणि तोंडापर्यंत आलेलं सोडलंत ते खरं. मुळात न घडणाऱ्या गोष्टीवर नियम टांगला ती पहिली चूक. तो नियम आता उतरवायचा. काकींना प्रायश्चित्त म्हणून एक माळ जप. काकांना एक काम: चाक का फिरत नाही ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं.

रिकाम्या हातानं उभं राहायची तात्यासाहेबांना सवय नव्हती. त्यांनी चाकापासून सुरुवात केली. म्हणाले, उजवीकडचे गोळे लांब असतात हे मी बघत बसलो, पण मोजले नाहीत. मोजले तेव्हा उजवीकडं थोडे निघाले, डावीकडं जास्त. रस्सीखेचीत एका बाजूला तीन दांडगे आणि दुसऱ्या बाजूला पाच किरकोळ, दोर जागचा हलत नाही. गोळा खाली येताना जेवढं देतो तेवढंच त्याला वर न्यायला लागतं, पदरात काही उरत नाही, वर बेअरिंग आपला वाटा घासून घेतं. मॅग्नेट जेवढ्या जोरानं बोलवतं तेवढ्याच जोरानं जाऊ देत नाही. पाण्याचंही तेच. सगळीकडं तेच.

"पन माजी खरी चूक कारखान्यात झाली," ते म्हणाले. "कारखाना आपल्याच चिपाडावर चालतोय, म्हनून आपोआप चालतोय, आसं मी जलमभर समजलो. मागं येकदा मे महिन्यात तिकडनं जात हुतो. गाळप संपल्यालं, धुराडं थंड, सगळं बंद. मनात आलं, आपोआप चालतंय तर थांबलं कसं? तवा डोळं उगडलं. रोज गेटातनं ऊस येत हुता गड्यांनो. गाड्याच्या गाड्या. त्यो मी धरलाच न्हाई. त्या उसात वरीसभराचं ऊन आन पानी हुतं, त्येच्यावर कारखाना चालत हुता. बाहेरनं काय तरी आत आल्याबिगर कायबी चालत न्हाई."

काकी बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. नवऱ्याला एवढं मोठं बोलताना त्यांनी प्रथमच ऐकलं होतं, आणि त्यांचा राग कुठं गेला ते त्यांना कळलं नाही. त्यांना तो माणूस फार आवडला. मागून हंबीररावांनी हात वर केला आणि विचारलं, "ते समदं पटलं तात्या, पन दोन चाकं येकमेकांस्नी जोडली तर?" माताजींनी डोळे मिटून घेतले.

नियम सुटला. जप करून काकी बाहेर आल्या तेव्हा भाग्यश्री पायऱ्यांखाली ताट घेऊन उभी होती. काकींनी कुणाची वाट बघितली नाही. एक पेढा उचलून अख्खा तोंडात टाकला आणि डोळे मिटून तशाच उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि दुसरा उचलला.

तेवढ्यात तात्यासाहेब त्यांच्या शेजारून मागं वळताना दिसले. चेहरा भारावलेला, डोळे भरलेले, हात आधीच जोडलेले. ते पुन्हा पायऱ्या चढायला लागले. काकींनी विचारलं, कुठं निघालात. ते म्हणाले की तू माझ्यापायी एवढी वर्षं गोड सोडलंस, आता मी जन्मभरासाठी सोडणार, आत्ता जाऊन माताजींसमोर नियम घेणार.

काकींच्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख उभं राहिलं. आत माताजी, हात जोडून उभा नवरा, आणि जोडीनं उठायला कोपर मारणाऱ्या शालूबाई. काकी वयाला न शोभणाऱ्या वेगानं पायऱ्या चढल्या, तात्यासाहेबांचं उपरणं धरून त्यांना मागं ओढलं, आणि ते 'अगं' म्हणायला तोंड उघडतात तोच हातातला पेढा आत कोंबला.

"गप खावा," त्या म्हणाल्या, आणि तो पुरता गिळून होईपर्यंत त्यांनी उपरणं सोडलं नाही.